मक्षिकास्थाने मासा

माझी आणि माशाची ओळख ताटातली. तीही तुकड्यातुकड्यांची. अख्खा, जिवंत, पोहणारा मासा मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत फक्त दातांच्या दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत पाहिला होता, आणि त्या वेळी माझी अवस्था अशी होती की आम्हा दोघांपैकी गळाला कोण लागलंय हे सांगणं कठीण होतं. असा मी एका मासे पकडण्याच्या स्पर्धेचा चिटणीस, हिशेबनीस आणि प्रमुख वक्ता झालो. बँकेत नोकरी केलेल्यांना यात काही नवल वाटायचं नाही. बँकेत ज्याला जे येत नाही तेच काम नेमकं त्याच्या टेबलावर येतं. मला कॉमर्सची पदवी असूनही बेरीज येत नाही, म्हणून मी बावीस वर्षं बेरजा करतो आहे.

त्याचं असं झालं. आमच्या शाखेत नवे साहेब बदलून आले ते थेट कुलूहून. गृहस्थ मूळचे सातारचे, पण चार वर्षं हिमाचलात काढल्यामुळे नाशिकच्या थंडीकडे फार तुच्छतेनं बघायचे. त्यांच्या सामानात एक लांब, गोल नळी होती. त्यात काय असावं यावर दोन दिवस शाखेत कामकाज बंद होतं. कर्जविभागाचं मत नकाशे, शिपायाचं मत बासरी, आणि आमचे हेडकॅशियर नाना म्हणाले, "गळ आहे तो. काठीचे चार तुकडे केलेत." नानांनी नळी उघडून पाहिली नव्हती. नुसती हातात घेऊन परत ठेवली होती. पण ज्या माणसाला नोटांचं बंडल हातात घेतल्यावर एक नोट कमी आहे हे कळतं, त्याच्याशी कोणी वाद घालत नाही.

नानांचं बरोबर निघालं. साहेब कुलूकडे एका ट्राउट क्लबाचे सभासद होते. रविवारी पहाटे उठायचं, बियासच्या बर्फाळ पाण्यात मांडीपर्यंत उभं राहायचं, आणि 'माशी' टाकून मासा धरायचा. माशी म्हणजे खरी माशी नव्हे. आकड्याला पिसं, लोकर, दोरा गुंडाळून माशीसारखं दिसणारं काहीतरी करायचं, आणि ते पाण्यावर असं अलगद उतरवायचं की माशाला वाटावं, आयतं जेवण आलं. कारकुनांना उद्देशून 'मक्षिकास्थाने मक्षिका' असं लोक म्हणतात. मूळ कागदावर माशी चिकटली असेल तर नकलेतही माशी मारून चिकटवणारे आम्ही. पण ही बनावट माशी पाहिल्यावर वाटलं, हा खेळ साहेबांचा नव्हेच, आमचाच आहे. शिवाय बँकेतली माणसं दिवसभर माश्या मारतात अशी गिऱ्हाइकांची तक्रार असतेच. निदान आता त्या उपयोगी तरी पडतील.

"इथे ट्राउट कुठे मिळते?" असं साहेबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. कुणी मेन रोड सुचवला, कुणी शालिमार. शेवटी कळलं की ट्राउट मिळणार नाही. हा मासा फार थंड पाण्यातला. पाणी वीस अंशांच्या वर चढायला लागलं की तो कासावीस होतो. मूळचा तो भारतातलाच नाही. इंग्रजांना इथे सगळं मिळालं, राज्य मिळालं, आंबे मिळाले, पण ट्राउट नव्हती याची त्यांना रुखरुख. 1860 च्या दशकात फ्रान्सिस डे नावाच्या लष्करी डॉक्टरनं निलगिरीत ती आणायचा खटाटोप केला, तो फसला. पुढे काश्मीरमध्ये श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणारे मिचेल नावाचे साहेब मागे लागले. अंड्यांची पहिली खेप फुकट गेली, 1900 सालची, स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. म्हणजे माशाच्या अंड्यांनी बर्फात बसून बोटीनं आणि पुढे घाट चढून प्रवास केला, आणि आमच्या ओझरहून निघालेलं कुरिअर तीन दिवसांत शाखेत पोचत नाही.

ट्राउट नाही म्हटल्यावर साहेब दोन दिवस उदास होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मीटिंग बोलावली. आपण स्टाफची एक मैत्रीपूर्ण स्पर्धा घ्यायची. गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर, मृग लागल्यानंतरच्या पहिल्या रविवारी. जो मासा मिळेल तो. मासा मारायचा नाही, ओल्या फडक्यात धरून वजन करायचं, वहीत नोंद करायची आणि परत पाण्यात सोडायचा.

"सोडायचा?" शिपायानं विचारलं. त्याचा आवाज कापत होता. "मग धरायचा कशाला?"

यावर साहेब खेळाडू वृत्तीबद्दल बरंच बोलले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मासिकांत काहीबाही लिहिता ना? या छंदाचा इतिहास काढा. स्पर्धेआधी दहा मिनिटं बोला. आणि वहीही तुम्हीच सांभाळा."

मी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. वाचनालय 1840 सालचं आहे, त्यामुळे इतिहास शोधायला आपण योग्य जागी आलो आहोत असं नुसत्या जिन्यावरच वाटायला लागतं. तिथे आणि नंतर इतरत्र मला जे सापडलं त्यानं मी बेरजा करणारा माणूस आरपार हललो.

पहिली नोंद ईलियन नावाच्या रोमन माणसाची. इसवी सन 200 च्या सुमारास हा ग्रीक भाषेत लिहितो की मॅसिडोनियातल्या ॲस्ट्रीअस नदीवरचे लोक आकड्याला तांबडी लोकर गुंडाळतात, कोंबड्याची दोन पिसं लावतात आणि ठिपक्याठिपक्यांचा मासा फसवतात. म्हणजे साहेबांच्या डबीतली जी माशी आम्ही फॉरेनची म्हणून हाताळत होतो, तिचं वय अठराशे वर्षं.

नंतर एकदम 1496. इंग्लंडात गळाच्या मासेमारीवर एक छोटा ग्रंथ छापला गेला. लोक तो एका मठातल्या बाईंच्या नावावर मांडतात. त्यात बारा प्रकारच्या माश्या सांगितल्यात. त्याच्यानंतर 1653 मध्ये आयझॅक वॉल्टनचं पुस्तक आलं. इकडे शिवाजीमहाराज तेव्हा तेवीस वर्षांचे होते, आणि तिकडे लंडनचा एक दुकानदार नदीकाठी बसून मासे कसे धरावे हे निवांतपणे सांगत होता. हा वॉल्टन नव्वद वर्षं जगला. गळ टाकून बसणाऱ्याचं आयुष्य वाढतं की आयुष्य असणाराच गळ टाकून बसतो, हे मला ठरवता आलं नाही. पण गंमत अशी की माशीच्या मासेमारीत वॉल्टन फारसा तरबेज नव्हता. तो भाग त्याच्या चार्ल्स कॉटन नावाच्या तरुण दोस्तानं लिहून 1676 च्या आवृत्तीत जोडला. हा कॉटन कायम कर्जात. अशी माणसं नदीकाठी का जाऊन बसतात हे वसुली विभागातल्या कोणालाही विचारा.

इथपर्यंत मी निमूटपणे टिपणं काढत होतो. आणि मग सोमेश्वर भेटला.

हा सोमेश्वर म्हणजे गंगापूर रोडवरचा धबधबा नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा, तिसरा सोमेश्वर. त्याच्या राज्यात आपला मुलूखही बराचसा होता. 1130 च्या आसपास त्यानं 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ केला. श्रीगोंदेकर नावाच्या आपल्याच माणसानं तो संपादून काढला आणि बडोद्याहून 1925 पासून तो छापला गेला. राजानं काय करावं, काय खावं, कशानं मन रमवावं, सगळं त्यात आहे. इडली-डोशांचे पूर्वजसुद्धा त्यात आहेत. आणि करमणुकीच्या वीस प्रकारांत, कुस्त्या, कोंबड्यांच्या झुंजी, शिकार, गाणं यांच्या जोडीला एक अख्खा अध्याय गळानं मासे धरण्यावर आहे. काठी कशी हवी, दोरी कशाची, आकडा कसा, तीसहून अधिक जातींचे मासे, आणि कोणत्या माशाला कोणतं आमिष. आधी एका ठिकाणी माशांना रोज खाऊ घालून लळा लावायचा आणि मग गळ टाकायचा, असंही राजा सांगतो. आमच्या बँकेत 'पहिले सहा महिने हप्ता नाही' ही योजना मुंबईहून आली असं मी समजत होतो. ती कल्याणीहून आली.

अध्यायाचं नाव 'मत्स्यविनोद'. मी टेबलावरून उठून उभाच राहिलो. संस्कृतात विनोद म्हणजे करमणूक हे मला ठाऊक आहे. पण आयुष्यभर विनोद लिहून ज्याच्याकडे बायकोनंसुद्धा गंभीरपणे पाहिलं नाही, त्याला एका राजानं आधार द्यावा ही काही लहान गोष्ट नव्हे. शिवाय इंग्रजांच्या त्या बाईंच्या आधी साडेतीनशेहून अधिक वर्षं! घरी येऊन मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "राजाला दळण आणायचं नव्हतं."

आता आपल्या इकडचा मासा. ट्राउटचा मान आपल्याकडे महासीरला. मोठं खवलं, सोनेरी झाक, आणि अंगात अशी ताकद की 1873 साली हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या गळावर पुस्तक लिहिलं त्यात याला सामनच्याही वरची जागा दिली. आपल्या दख्खनच्या महासीरला शास्त्रीय नाव दिलं कर्नल साइक्सनं, 1839 मध्ये. हा साइक्स कंपनी सरकारतर्फे दख्खनची आकडेवारी गोळा करायला हिंडत होता. म्हणजे मूळचा आमच्याच खात्यातला. आकडे गोळा करता करता यानं मासे गोळा केले. नदीवरच्या लोकांना नाव विचारलं, त्यांनी सांगितलं ते इंग्रजी अक्षरांत उतरवलं आणि शास्त्राला देऊन टाकलं. म्हणून मुळा-मुठेकाठच्या कोणा कोळ्यानं उच्चारलेलं 'खुद्री' आज जगभरच्या ग्रंथांत आहे. ते सांगणाऱ्याचं नाव मात्र कुठे नाही.

गळानं धरलेल्या महासीरचा मोठा विक्रम 1946 सालचा. म्हैसूरकडे काबिनी नदीत व्हान इंगेन या साहेबानं 120 पौंडांचा मासा काढला. म्हणजे चोपन्न किलो. माझं लग्नातलं वजन. पण तो मासा कावेरीकडचा, पाठीवर उंचवटा असलेला, वेगळ्या जातीचा. पुढे धरणं झाली. महासीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढतो, अंडी घालायला, आणि वर भिंत उभी. मग 1970 च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावावर आपल्या खुद्रीची पैदास सुरू झाली. लाखो पिलं झाली. ती हौसेनं कावेरीतही सोडली. आपली पिलं तिथे अशी काही रुळली की मूळच्या उंचवट्याच्या माशाला जागा उरेना. 2018 साली त्याची गणना नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या जीवांत झाली. चांगल्या हेतूनं जमा केलेली रक्कम चुकीच्या खात्यात गेली की काय होतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

एवढं सगळं मी त्या रविवारी पाण्याच्या काठावर उभं राहून सांगितलं. तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी काढली होती, रद्दीवाल्याकडून ताणकाटा आणला होता. तो रद्दीवाल्याचा असल्यामुळे कोणताही मासा दीडपट असल्याशिवाय पुरा भरणार नाही याची सर्वांना कल्पना होती. सात स्पर्धक. भाषण ऐकायला चार. पैकी दोघांच्या दोऱ्या एकमेकांत अडकल्यामुळे त्यांना हलता येत नव्हतं.

साहेबांनी माशी टाकायचं प्रात्यक्षिक केलं. साध्या गळात वजन आमिषाला असतं, ते पुढे जातं आणि दोरी मागून जाते. माशीला वजनच नाही. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं आणि ती दोरी काठीनं मागे-पुढे हवेत खेळवत न्यायची. बघायला फार सुरेख. मागच्या झटक्याला बाभूळ, पुढच्या झटक्याला माझी टोपी. पण तिसऱ्या खेपेला दोरी हवेत अशी उलगडत गेली की शिपायानंसुद्धा "वा!" म्हटलं. दोन तासांनी साहेबांना एक चिलापी लागली. वजन दोनशे ग्रॅम. ही चिलापी आफ्रिकेची, भारतात आली 1952 साली. कुलूहून आलेल्या माणसानं आफ्रिकेचा मासा रोमन काळच्या माशीनं नाशिकला धरला. मी नोंद केली.

नाना आमच्यापासून लांब, ओढ्याचं नवं गढूळ पाणी जिथे धरणात उतरत होतं तिथे बसले होते. त्यांच्याजवळ वेताची जुनी काठी आणि कणकेचा गोळा. नाना गोदाकाठी वाढलेले. वडील, काका सगळे नदीत गळ टाकायचे. धरण 1965 साली पुरं झालं तेव्हाच्या गोष्टी त्यांनी घरात ऐकलेल्या. तीस जूनला ते निवृत्त होणार होते. छत्तीस वर्षांत त्यांना एकही बक्षीस मिळालं नव्हतं. कॅशियरला बक्षीस नसतं. रोकड जुळली तर ते कर्तव्य, नाही जुळली तर खिशातून भरायची.

मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांची काठी धनुष्यासारखी वाकलेली होती. नाना बोलत नव्हते. दोरी सोडत होते, ओढत होते, परत सोडत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग काठाशी पाण्यात काहीतरी उलटं झालं आणि मला दिसलं. कोपरापासून बोटांपर्यंत हात धरा, त्याहून लांब. दहा रुपयांच्या नाण्याएवढी खवलं, आणि कडेला सोन्याची रेघ. नाना गुडघाभर पाण्यात उतरले. मासा वर उचललाच नाही. पाण्यातच एका हातानं पोटाखाली आधार दिला, दुसऱ्या हातानं आकडा काढला.

"काटा आणू?" मी ओरडलो.

"नको," नाना म्हणाले. "पोटात गाभोळी आहे रे तिच्या. टांगायची कशी?"

आणि हात सैल केला. ती क्षणभर तिथेच थांबली. मग नव्हती.

नाना काठावर येऊन बसले. धोतराला पुसावेत तसे पँटला हात पुसले. "लहानपणी पाहिला होता असला," एवढंच म्हणाले. कोणता मासा, हे मी विचारलं नाही, आणि विचारून उपयोग नव्हता. मला पापलेट आणि बांगडा यांतला फरक मसाल्यावरून कळतो.

निकालाच्या वेळी तंटा झाला. कर्जविभागातल्या पोराचा साडेसहाशे ग्रॅमचा कटला सगळ्यांत मोठा. मी नानांचं सांगितलं. साहेब ताठ झाले. म्हणाले, "वजन नाही तर नोंद नाही. आमच्या क्लबात निसटलेल्या माशाचं वजन धरलं असतं तर बियास रिकामी झाली असती." त्यांचं चूक नव्हतं. गळाचा सगळा इतिहास निसटलेल्या माशांनी भरलेला आहे. म्हणून तर काटा आला.

"निसटला नाही, सोडला," मी म्हणालो. "मी पाहिलंय."

"तुम्ही व्हाउचर आहात का?"

नाना मधे पडले. "साहेबांचं बरोबर आहे. छत्तीस वर्षांत मी व्हाउचरशिवाय एन्ट्री मागितली नाही. आता नको लिहूस."

मी वही उघडून बसलो. लिहावं तर नियम मोडतो. न लिहावं तर दिवसभरातली एकमेव खरी घटना वहीत नाही. आणि तेव्हा मला पांडवलेण्यांतला शिलालेख आठवला. बँकेत लागल्यावर एका जुन्या अधिकाऱ्यानं आम्हा नव्या पोरांना तो दाखवायला नेलं होतं. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपानाचा जावई उषवदात यानं लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. कुठे? गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. त्या गोवर्धनाचं नाव आजही धरणाच्या वाटेवरच्या गावाला आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, हजारावर दरमहा शेकडा पाऊण. वीस भिक्षूंना कपड्यासाठी वर्षाला बारा-बारा. म्हणजे दोनशे चाळीस. दोन हजारांवर वर्षाचं व्याज दोनशे चाळीस. हिशेब पैशाला पैसा जुळतो, मी दोनदा पडताळलाय, आणि माझी बेरीज जुळली म्हणजे ती खरंच बरोबर असणार. आणि शेवटी अट. मुद्दल परत द्यायचं नाही. फक्त व्याज खायचं.

मी ती अट साहेबांना सांगितली. म्हणालो, "साहेब, नानांनी मुद्दलाला हात लावला नाही, एवढंच."

साहेब बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "पण वजनाच्या रकान्यात काय लिहिणार?"

तिथे मात्र बँक माझ्या कामी आली. बँकेत जी रक्कम खरोखर आलेली असते, पण कोणाची, किती, कशापोटी हे सिद्ध होत नाही, ती टाकायला एक खातं असतं. मी लिहिलं, 'मासा एक. वजन निरंक. सस्पेन्स खाती जमा.' साहेबांनी खाली सही केली. पहिलं बक्षीस कटल्याला गेलं. नानांनी त्या पोराची पाठ थोपटली आणि शिपायानं आणलेली भेळ आम्ही सगळ्यांनी खाल्ली. मासे बघून आलेली भूक भेळेवर भागवणं याहून मोठी खेळाडू वृत्ती मी पाहिलेली नाही.

तीस जूनला नानांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, घड्याळ. भाषणं झाल्यावर नाना माझ्या टेबलाशी आले आणि त्या पानाची झेरॉक्स मागितली. दुसरं काही मागितलं नाही.

आमच्या इन्स्पेक्शनला सस्पेन्समधल्या जुन्या नोंदी फार खुपतात. म्हणून पुढच्या मृगात मी नानांना घेऊन त्याच जागी गेलो. दोघे दिवसभर बसलो. कणीक संपली, भेळ संपली, ऊन उतरलं. दोरी हललीसुद्धा नाही.

"व्याज काही दिसत नाही, नाना," मी म्हणालो.

नानांनी काठी गुंडाळली. "मुदत ठेव असेल," म्हणाले. "पुढल्या वर्षी येऊ."